'ईएन २५०'च्या पुढे अंगठा होता

वापरलेला डायव्हिंग रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, घेताना मी फसलो. आधी आकडे सांगतो, म्हणजे "किती गेले?" हा प्रश्न मिटेल. चलन कुठलंही धरा, हिशोब टक्क्यांतच कळतो. थंड पाण्याच्या नव्या रेग्युलेटर सेटची किंमत १०० धरली, तर मी वापरलेल्या सेटसाठी ५५ मोजले. ३० बुकिंगला, २५ पार्सल निघताना. त्यावर तपासणी आणि सर्व्हिस किटचे १२. एकूण ६७ गेले. हातात आलाय तो कोमट पाण्याचा सेट, जो दुकानात कोरा करकरीत ४० मध्ये मिळतो.

"स्वस्ताच्या नादाला लागलास" हे ऐकून झालंय. ५५ म्हणजे फुकट नव्हे, चांगल्या वापरलेल्या सेटचा तोच भाव असतो. आणि प्रश्न मी सगळे विचारले होते. आतली रचना डायफ्रामची की पिस्टनची? सील्ड आहे का, म्हणजे स्प्रिंगपाशी पाणी पोचत नाही ना? सिलिंडरला जोडायचा भाग डिन आहे की योक? सिरियल नंबर काय? सगळ्याची उत्तरं आली, तीही पटापट.

थंड पाण्यात काय होतं ते थोडक्यात. सिलिंडरमधली २०० बार दाबाची हवा फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागात, एकदम दहा बारच्या आसपास येते. हवा अशी पसरली की गारठते, बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. स्प्रिंगपाशी पाणी पोचत असेल तर तिथे बर्फ धरतो, झडप उघडीच अडकते आणि तोंडात धरलेल्या भागातून हवेचा लोंढा सुटतो. यालाच फ्रीफ्लो म्हणतात. म्हणून थंडीसाठी सील्ड फर्स्ट स्टेज घ्यायची. सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, शक्यतो धातूची, कारण प्लास्टिकपेक्षा धातू पाण्यातली ऊब लवकर आत पोचवतो. 'ईएन २५०' या युरोपीय मानकात १० अंशांखालचं पाणी थंड धरतात. जो रेग्युलेटर थंड पाण्याच्या चाचणीतून गेलेला नाही, त्यावर '१० अंशांपेक्षा जास्त' असा शिक्का कोरावा लागतो. पण 'ईएन २५०' थंड आणि कोमट पाण्याच्या, दोन्हींवर असतं. पुन्हा वाचा. दोन्हींवर असतं.

आता तो फोटो. मी म्हटलं, कोरलेल्या अक्षरांचा जवळून फोटो पाठवा. लगेच आला. सेट हातात धरलेला, 'ईएन २५०' स्वच्छ वाचता येतंय आणि त्याच्या लगेच पुढे अंगठा. नखाच्या कडेला काळं ग्रीस. त्या ग्रीसनेच घात केला. मला वाटलं, माणूस स्वतः पाना हातात घेणारा आहे, जाणकार आहे. अंगठा मी शंभरदा पाहिला असेल, पण त्याच्याखाली काय आहे हे विचारायचं सुचलं नाही. कुणाला सुचतं सांगा! वस्तू धरायला अंगठा लागतोच. पण आता तो फोटो उघडला की दिसतं, धरायला बाकी सगळी जागा मोकळी होती. होसला, म्हणजे नळीला, धरता आलं असतं, टेबलावर ठेवता आलं असतं. अंगठा बरोब्बर तिथेच.

वर एक व्हिडिओ. बादलीत बर्फ, त्यात सेकंड स्टेज, दोन-तीनदा हवा सोडायचं पर्जचं बटण दाबलं, 'बघा, फ्रीफ्लो नाही.' बादलीतली ही नौटंकी कुणी दाखवली तर तिथेच नमस्कार करा. मानकाची चाचणी ५० मीटर खोलीच्या दाबाखाली, मिनिटाला ६२.५ लिटर श्वास घेणाऱ्या यंत्रावर होते. मग "दुसरं गिऱ्हाईक थांबलंय" वगैरे. पुढचं तुम्हाला पाठ आहे.

पाणी ६ अंश, खोली १४ मीटर. ड्रायसूटमध्ये, म्हणजे आत पाणी न येऊ देणाऱ्या पोशाखात, हवा सोडताना श्वास घेतला आणि सेकंड स्टेजमधून हवेचा लोंढा सुटला. "दोन्ही एकदम करायचं नसतं" हे मलाही माहीत आहे. पण थंड पाण्याचा म्हणून विकलेल्या सेटने तेवढं झेलायला नको? बडीच्या, म्हणजे जोडीदाराच्या, ऑक्टोपसवर (जादा सेकंड स्टेजवर) श्वास घेत वर आलो. खाली १५० बार होते, पाण्यावर येऊन गेज पाहिला तर ३५. थंडीत स्वतंत्र दुसरी फर्स्ट स्टेज आणि दोन वेगळ्या झडपा असलेला सिलिंडर वापरा, त्यात काटकसर नको.

सेट तंत्रज्ञाकडे नेला. 'सील' म्हणून टोकाला जी काळी रबरी टोपी होती, ती त्याने नखाने उचकटली. आतून पाणी ठिबकलं आणि उघडी स्प्रिंग दिसली. ते धुळीचं झाकण होतं! मग 'ईएन २५०'च्या पुढे चिकटवलेलं 'सर्व्हिस झाली'चं स्टिकर सोललं. खाली कोरलेलं: १० अंशांपेक्षा जास्त. हवा आत शिरते तिथली जाळी हिरवी पडलेली, म्हणजे खारं पाणी आत गेलेलं. ती जाळी तर डिनची टोपी काढली की टॉर्चने कुणालाही दिसते. मधला दाब, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून बाहेर येणाऱ्या हवेचा दाब, तोही एका जागी ठरत नव्हता, काटा सावकाश वर सरकत होता. म्हणजे झडप घट्ट बंद करणारी आतली सीट गेलेली. हे मोजणारा गेज इन्फ्लेटरच्या (जॅकेटमध्ये हवा भरायच्या) होसला लागतो, फार महाग नसतो. पैसे देण्याआधी काटा स्थिर राहतो का याचा व्हिडिओ मागा.

आणि मग सुरू झाली दाद मागायची वरात. जिथे जाहिरात होती त्यांचं म्हणणं, "फोटोत ईएन २५० दिसतं, वस्तूवरही आहे, म्हणजे वस्तू वर्णनाप्रमाणे आहे." जाहिरातीत 'थंड पाण्यासाठी' लिहिलं होतं, तर म्हणे ते विक्रेत्याचं वैयक्तिक मत! पैसे पाठवणाऱ्या कंपनीने सांगितलं, तुम्ही ओळखीच्या माणसाला पाठवल्याचा पर्याय निवडलात, संरक्षण नाही. तो पर्याय विक्रेत्याने सांगितला होता, शुल्क वाचतं म्हणून, आणि सगळे तसंच करतात. पोलिसांनी विचारलं, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" मी फ्रीफ्लो समजावला. ते म्हणाले, हवा जास्त येत होती तर चांगलंच की. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर कळलं की विकणारा खासगी माणूस आहे, दुकान असतं तर बघितलं असतं. बनवणाऱ्या कंपनीने फोनवर कबूल केलं की हा सिरियल नंबर कोमट पाण्याच्या मॉडेलचाच आहे. लिहून द्या म्हटलं, तर फक्त मूळ खरेदीदारालाच देतो. मूळ खरेदीदार कोण? तोच अंगठेवाला! एकाने दुसऱ्याकडे पाठवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक जण तक्रार क्रमांक मात्र आठवणीने देतो.

सिरियल नंबर पैसे द्यायच्या आधी कंपनीला कळवा. त्या वेळी ते गोड बोलतात. फोटो मागताना स्टिकर काढून, हात न लावता, दोन्ही स्टेजचा मागा. दोन्ही म्हणजे दोन्ही. फर्स्ट स्टेज थंडीची आणि सेकंड स्टेज कोमट पाण्याची असाही जोड लावून विकतात. "मीच सर्व्हिस केली" याला काही किंमत नाही, बिल दाखवा म्हणा.

विक्रेत्याचं खातं अजून चालू आहे, पाच तारे झळकताहेत. त्यातले एका खेपेचे माझे. पार्सल वेळेवर आलं, नीट बांधलेलं होतं, म्हणून त्याच दिवशी देऊन टाकले. आता बदलायला गेलो तर म्हणतात, दिलेला अभिप्राय बदलता येत नाही.