लहान रीफ टँकला ऑटो टॉप-ऑफ: काही महिने वापरल्यानंतर

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं कोरल (जिवंत प्रवाळ) मलूल दिसायला लागलं की आपला हात आधी बाटल्यांकडे जातो. अमिनो ॲसिड झालं, आयोडीन झालं, मग कसलं तरी बूस्टर. माझ्याकडचं हॅमर कोरल सावरलं त्यात मात्र सगळ्यात मोठा वाटा आटलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या एका कंटाळवाण्या यंत्राचा, म्हणजे ऑटो टॉप-ऑफचा आहे, असं माझं मत झालंय. यंत्र म्हणजे पाण्याची पातळी ओळखणारा एक ऑप्टिकल सेन्सर, वर सुरक्षेसाठी एक तरंगता फ्लोट स्विच आणि गोड्या पाण्याच्या डब्यात बसणारा छोटा पंप.

टँक ४० लिटरचा आहे, मागे फिल्टरचे कप्पे. पाणी आटतं तेव्हा मीठ मागेच राहतं. ४० लिटरमधलं १ लिटर आटलं की ३५ पीपीटीची (हजार भागांत ३५ भाग मीठ) क्षारता ३६ च्या जवळ जाते, ४ लिटर आटू दिलं तर ३९ च्या. त्यातही मला वाढण्यापेक्षा नंतरचं उतरणं जास्त त्रासदायक वाटतं, कारण आपण आठवण झाली की तांब्याभर गोडं पाणी एकदम ओततो. यंत्र तेच पाणी दिवसभर घोट-घोट टाकतं. क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा आता हलतच नाही म्हटलं तरी चालेल. (रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणानेच जुळवून घ्यावा. आरओच्या पाण्याने शून्य जुळलं तरी ३५ ला आकडा चुकू शकतो.)

हॅमरची अवस्था तेव्हा बरी नव्हती. मांस आक्रसून सांगाड्याची कड उघडी पडली होती आणि रंग उडाला होता. रंग उडालेलं कोरल मेलेलं नसतं. त्याच्या पेशींत राहून प्रकाशावर अन्न बनवणारी सूक्ष्म शैवालं निघून गेलेली असतात, म्हणजे घरातला कमावता माणूसच गेलेला. अशा वेळी जास्त प्रकाश दिला तर भरपाई होत नाही, उलट भाजतं. म्हणून दिव्याची तीव्रता बरीच कमी केली, प्रवाह मंद केला, अधूनमधून बारीक केलेलं मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) भरवलं आणि फॉस्फेट शोषणारं फिल्टरचं मीडिया काढून टाकलं. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर असलं की अशक्त कोरल उपाशीच राहतं. हे सगळं यंत्राच्या जोडीनेच चाललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय यंत्राला देणार नाही. पण आधी हेच उपाय क्षारता वरखाली होत असताना केले होते आणि तेव्हा काही हललं नव्हतं.

आता बसवण्याबद्दल. सेन्सर पंपाच्या कप्प्यातच हवा, कारण अशा टँकमध्ये पातळी तिथेच उतरते, समोरचं पाणी होतं तिथेच राहतं. नळीचं टोक पाण्याच्या वर ठेवायचं. ते बुडलं आणि डबा उंचावर असला तर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी येतच राहतं. डबा मोठा घ्यायचा मोह होतो, तो टाळावा. मी ५ लिटरचा ठेवलाय. समजा सगळं बिघडलं आणि पूर्ण डबा रिकामा झाला, तर क्षारता ३१ वर येईल. वाईट, पण सावरता येण्याजोगं. २० लिटरचा डबा असता तर विषय संपला.

तक्रारीही आहेत. सेन्सरवर शेवाळाचा पातळ थर किंवा बुडबुडे बसले की तो चुकीचं वाचतो, गोगलगाय चढली तरी तेच. फ्लोट स्विचवर मीठ साचून तो अडकतो. पाणी बदलतानाच दोन्ही काढून पातळ व्हिनेगरमध्ये बुडवून धुतो. पंप डब्याच्या तळाला टेकला की गुरगुरतो, खाली स्पंजचा तुकडा ठेवल्यावर बराच शांत झाला. अलार्मचा आवाज मात्र असह्य आहे आणि तो कमी करायची सोय नाही.

काही जण याच डब्यात चुन्याची निवळी भरतात, म्हणजे पाण्याबरोबर कॅल्शियम आणि अल्कलिनिटीही (सांगाड्याला लागणारं कार्बोनेट) मिळते. एवढ्या लहान टँकमध्ये मी ते करणार नाही. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो आणि सेन्सर एकदा जरी अडकला तरी तिथे नुसत्या गोड्या पाण्यासारखी दयामाया नाही.

अल्कलिनिटीचं काम हे यंत्र करत नाही, हे आधीच लक्षात घ्या. सुरुवातीला नुसत्या पाणी बदलण्यावर अल्कलिनिटी ८ डीकेएचवर (तिचं एकक) टिकत होती. हॅमर फुलायला लागल्यावर ती घसरायला लागली आणि मला बरंच वाटलं, कारण सांगाडा वाढतोय तिथेच ती खर्च होते. प्रत्येक १ डीकेएचमागे साधारण ७ पीपीएम (दहा लाखांत ७ भाग) कॅल्शियमही जातं, म्हणून आता दोन्हीचा डोस हाताने, मोजून देतो.

सध्याची स्थिती: रंग परत आलाय, दिवसा पूर्ण फुलतं, बुडाशी एक नवं तोंड फुटलंय. उघडा पडलेला सांगाडा पुन्हा झाकला गेला नाही, त्यावर जांभळं कोरलाइन शैवाल चढलंय. टँक झाकणबंद असेल आणि पाणी फारसं आटत नसेल तर हे यंत्र घेऊ नका, रोज पेलाभर पाणी हाताने टाकलं तरी भागतं.