पुष्कराज की सुनेला?

नागपुरात इतवारीच्या सराफ्यात पिवळा खडा मागितला की हे दोन्ही पुढे येतात. पुष्कराज म्हणजे नीलमाचाच पिवळा भाऊ, कोरंडम नावाचं खनिज; काठिण्य (ओरखडा न पडण्याची ताकद, मोह्सच्या 1 ते 10 मापावर) 9, रंग बहुधा लोहामुळे. श्रीलंकेतल्या रत्नपुऱ्याचा सिलोनी फिकट लिंबासारखा, थायलंडच्या चांथाबुरीकडचा गडद सोनेरी. भिंगातून खड्याच्या आत रेशमासारख्या बारीक सुया शाबूत दिसल्या तर खडा रंग खुलवायला बहुधा तापवलेला नाही, आणि भाव तिथेच चढतो!

सुनेला म्हणजे क्वार्ट्झ, गारगोटीच्या जातीचा स्फटिक; काठिण्य 7. बाजारातला बराचसा माल मुळात ब्राझीलचा जांभळा अ‍ॅमेथिस्ट, भट्टीत तापवून पिवळा केलेला. घनता कमी, म्हणून तेवढ्याच रत्तीत खडा मोठा दिसतो. गिऱ्हाईक तिथेच भुलतं.

रोजच्या अंगठीसाठी मी छोटा का होईना पुष्कराजच घेईन, तोही लॅबचं सर्टिफिकेट बघूनच. कानातल्यांना सुनेला खुशाल चालेल.