रंग खरेच होते, फक्त १८८७ सालचे नव्हते

मी १३,४०० डॉलरला फसलोय. ४०० बयाणा रोख आणि १३,००० चा कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतःच्या नावे काढलेला चेक. रुपयांत हिशोब करू नका, मी एकदा केला आणि रात्रभर झोप लागली नाही.

वस्तू म्हणजे कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी, पहिल्या पिढीतलं रिव्हॉल्वर. १८७३ ला बाजारात आलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला पहिली पिढी थांबली, तोवर साडेतीन लाखांहून जास्त बनली. माझं १८८७ चं, .४५ कॅलिबर, साडेसात इंची नळी, गरुडाची काळी रबरी मूठ. टेक्सासात राहून ज्याला हा नाद लागतो त्याला हे मॉडेल चुकत नाही. आणि या मॉडेलच्या किमतीतला मोठा हिस्सा असतो फ्रेमवरच्या रंगांचा. नळी आणि सिलिंडर निळे, पण फ्रेम (मधला सांगाडा) आणि हॅमर केस हार्डनिंग केलेले, म्हणजे वरची कातडी टणक केलेली, आणि त्यातून आलेले रंग पावसात डबक्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसे निळे, करडे, तपकिरी, पिवळसर ढग. मूळ रंग टिकून असतील तर एक किंमत, गेले असतील तर दुसरी. मागून कोणी चढवलेले असतील तर तिसरी, आणि ती सगळ्यात कमी.

आता हसायचं असेल त्यांनी हसून घ्या. मी मेटलर्जीचा माणूस. उमेदीची वर्षं भोसरीत हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये काढली. गिअर ९२० अंशांवर कार्बुराइझ करून, म्हणजे कातडीत कार्बन मुरवून, तेलात बुडवणं हाच रोजचा धंदा. केस, म्हणजे ती टणक कातडी, काय असते, किती खोल जाते, का जाते, हे मला झोपेतून उठवून विचारा. प्रदर्शनात टेबल मांडून बसलेल्या विक्रेत्याला मी हे सगळं सांगितलंही, मोठ्या तोऱ्यात. त्यानेही कौतुकाने ऐकून घेतलं. का नाही ऐकणार?

कारण माझ्या ज्ञानाचा तिथे काडीइतका उपयोग नव्हता. त्या काळी कारखान्यात फ्रेम हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशाच्या भुकटीत डब्यात बंद करायचे, साधारण साडेसातशे अंशांपर्यंत तापवायचे आणि हवेचे बुडबुडे सोडलेल्या पाण्यात ओतायचे. कार्बन आत शिरून मऊ लोखंडाची कातडी टणक होते, हा मूळ हेतू. रंग हा ऑक्साइडचा पापुद्रा, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाही जाड नसतो. घामाने, उन्हाने, चामड्याच्या म्यानाला घासून तो उडतो आणि खाली रुपेरी करडं धातू उरतं. म्हणजे टणकपणा तपासून रंगाचं वय कळत नाही. आणि हीच पद्धत वापरून आज उत्तम रंग काढणारे कारागीर अमेरिकेत आहेत. ते काही चोर नाहीत, काम उघड करतात, बिल देतात. चोर तो, जो ते बिल फाडून टाकतो.

टॉर्चने रंगवलेली फ्रेम ओळखता येते. ॲसिटिलीनच्या ज्योतीने ठिपके उठवलेले असतात, वर लॅकर मारलेलं असतं. सायनाइडच्या भट्टीतल्या कामाला वाघासारखे पट्टे येतात. हे दोन्ही मला माहीत होतं. ॲसिटोनची बाटली आणि कापूस खिशात घेऊन गेलो होतो. विक्रेता म्हणाला, पुसा हवं तिथे. पुसलं. काहीही निघालं नाही. निघणार कसं, रंग खरेच होते!

आता रिव्हॉल्वर माझ्या हातात होतं ती दोन मिनिटं. ही मी इतक्यांदा मनात फिरवलीत की पाठ झालीत.

पहिलं, नख. हॅमरच्या मागे फ्रेमला बॅकस्ट्रॅपचे, म्हणजे मुठीच्या पाठीवरच्या धातूच्या पट्टीचे, दोन कान येऊन भिडतात. कोल्टच्या हार्टफर्डमधल्या कारखान्यात हे भाग जोडून एकत्र पॉलिश करायचे आणि मग सुटे करून फ्रेमला रंग नि बाकीला ब्लूइंग, म्हणजे निळं फिनिश, द्यायचे. म्हणून तो सांधा बोटाला लागता कामा नये. झिजलेल्या रिव्हॉल्वरमध्येही दोन्ही बाजू बरोबरच झिजतात. माझं नख तिथे अडकलं. उजव्या कानापाशी, केसभर. फ्रेम बॅकस्ट्रॅपपेक्षा खाली बसलेली होती. म्हणजे कोणीतरी फ्रेम एकटीच घासली होती. नख अडकलं, मला कळलं, आणि मी मनात म्हणालो, सव्वाशेहून जास्त वर्षांची वस्तू आहे, चालायचंच.

दुसरं, खड्डा. फ्रेमच्या पुढच्या टोकाला, जिथे सिलिंडरची पिन धरणारा स्क्रू आहे, त्याच्या वर बाजरीच्या दाण्याएवढा गंजाचा जुना खड्डा होता. भिंग माझ्याच हातात होतं. खड्ड्याच्या तळाशी सुरेख निळा रंग होता. निळा! गंज रंगाला खाऊन खाली जातो हो. खड्डा काळा असेल, तपकिरी असेल, साफ केला असेल तर राखाडी असेल. तळाशी रंग असेल तर आधी खड्डा पडला आणि मग रंग चढला. हे समजायला मेटलर्जीची डिग्री लागत नाही, शाळकरी पोराला कळेल. मी ते पाहिलं आणि 'बघा, कसे खोलवर टिकलेत' म्हणून खूश झालो.

हॉलमध्ये पिवळे दिवे होते, मागे दोन माणसं त्याच टेबलाकडे डोळे लावून उभी होती (विक्रेत्याचीच होती की काय, आता काय सांगणार), आणि त्याने १४,२०० वरून ८०० उतरवले होते. अशा वेळी माणूस आधी मनाने विकत घेतो आणि मग कारणं गोळा करतो. तुम्हीही तेच केलं असतंत. हो, केलंच असतंत.

आणि त्याने काम कच्चं केलेलं नव्हतं. सगळीकडे सारखे चकचकीत रंग असते तर मीही उठून गेलो असतो. त्याने, किंवा त्याच्या आधीच्या कोणीतरी, अंगठा जातो त्या जागचे आणि फ्रेमच्या डाव्या गालावरचे रंग मुद्दाम उतरवले होते, बहुतेक पातळ आम्लाने. मूठ काढून दाखवली तर आत रंग ताजे, बाहेर फिके. पुस्तकी लक्षण. फ्रेम, ट्रिगर गार्ड आणि बॅकस्ट्रॅप या तिन्हींवर एकच नंबर. फक्त रंग कुठून उतरले तो क्रम चुकला होता. खऱ्या झिजेत आधी कंगोरे जातात, रिकॉइल शील्डची (सिलिंडरमागच्या फुगीर ढालीची) धार पांढरी पडते, लोडिंग गेटचा (काडतूस भरायच्या झडपेचा) फुगीर भाग उघडा पडतो, आणि रंग उरतो तो शील्डच्या मागच्या आडोशाला, खाचाखोचांत. माझ्या रिव्हॉल्वरच्या गालावर झीज आणि धारेवर रंग. म्यानात ते उलटं होऊन जात होतं काय? शिवाय ब्लूइंग बघा. बॅकस्ट्रॅप पार तपकिरी झालेली आणि तिला चिकटून असलेल्या फ्रेमवर साठ टक्के रंग. एकाच हातात, एकाच म्यानात राहिलेले दोन शेजारी असे वेगवेगळे म्हातारे होत नाहीत.

मी ट्रिगर गार्ड सोडवून बघायला मागितलं होतं. तो म्हणाला स्क्रूच्या खाचा खराब होतील. हे कारण खरं वाटतं म्हणूनच सगळे ते देतात. १३,४०० मोजताना समोरचा स्क्रू फिरवायला नाही म्हणत असेल तर पाकीट खिशात ठेवा.

कारखान्याच्या दफ्तरातून आलेलं पत्रही त्याने टेबलावर मांडलं होतं. अस्सल पत्र. कोणत्या तारखेला, कोणत्या नळीचं, कोणत्या फिनिशचं रिव्हॉल्वर कोणाकडे रवाना झालं ते त्यात होतं. पण ते पत्र १८८७ सालाबद्दल बोलतं. मधल्या काळात कोणी काय केलं यावर त्यात अवाक्षर नसतं. मी ते जन्मदाखल्यासारखं न वाचता आरोग्य प्रमाणपत्रासारखं वाचलं.

छडा लागला तो एका म्हाताऱ्या संग्राहकाकडे, कौतुकाने दाखवायला घेऊन गेलो तेव्हा. त्याने भिंग लावण्याआधी फक्त खिडकीशी धरून तिरप्या उजेडात पाहिलं. पेटंटच्या तारखांकडे बोट केलं, १८७१, १८७२, १८७५. आकड्यांच्या कडा मऊ, ७ चे पाय मेणासारखे. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या आत गेलेल्या, म्हणजे फ्रेम पुन्हा घासलेली. मग त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला बाहेर गाडीत जाऊन बसावंसं वाटलं. रीतसर मूल्यांकनाचे १७५ डॉलर वेगळे गेले. आकडा आला ५,००० ते ५,५००. एका दुकानदाराने रोख ४,९०० देऊ केले, तेही उपकार केल्यासारखे.

घरी काय झालं ते लिहीत नाही. "अहो, त्या लोखंडाचं आता काय करायचं?" एवढं एकच वाक्य आलं आणि ते पुरेसं होतं.

मग सुरू झाली सरकारी यात्रा. शेरीफच्या ऑफिसातला तरुण पोरगा नम्रपणे म्हणाला, सर, हा दिवाणी मामला आहे. मी म्हटलं, खोटं सांगून पैसे घेतले. तो म्हणाला, त्यांना ते खोटं आहे हे ठाऊक होतं हे तुम्ही दाखवू शकता का? तुमच्याकडे वस्तू आहे ना? चालते ना? चालते! जणू मी ग्राइंडर विकत घेतला होता.

शस्त्रांचं पाहणाऱ्या केंद्रीय खात्याला फोन केला. तिथलं उत्तर तर सोन्याच्या चौकटीत लावावं असं. १८९८ किंवा त्याआधीची बनावट म्हणजे १९६८ च्या कायद्याप्रमाणे ॲंटिक, म्हणून ते कायद्याच्या व्याख्येत शस्त्रच नाही, म्हणून त्यांचा संबंध नाही. हे मला माहीत होतं. त्यामुळेच तर परवानाधारक दुकानदाराची गरज नव्हती, फॉर्म नव्हता, नोंद नव्हती, आणि मला ती सोय वाटली होती. ती सोय विक्रेत्याची असते.

राज्याच्या ग्राहक तक्रार विभागाचा ऑनलाइन फॉर्म भरला, फोटो जोडले. खड्ड्याचा फोटो तर असा काढला होता की कुठल्याही कोर्टाने डोळ्यांना लावावा. उत्तर आलं की तक्रार नोंदवली आहे, विभाग व्यक्तिगत वादात प्रतिनिधित्व करत नाही. मग नोंदवता कशाला? बँक म्हणाली कॅशियर्स चेक वटला, विषय संपला, क्रेडिट कार्ड असतं तर काही करता आलं असतं. प्रदर्शनाच्या आयोजकांनी सांगितलं, आम्ही फक्त टेबलं भाड्याने देतो. प्रत्येक जण शांत, प्रत्येक जण 'हॅव अ गुड डे' म्हणणारा. आपल्याकडच्या तालुका कचेरीतला कारकून निदान खेकसतो तरी, समोर माणूस आहे असं तरी वाटतं.

वकिलाचा दर ताशी ३५०. त्याने पावती पाहिली. पावतीवर लिहिलं होतं, 'ॲज इज', म्हणजे आहे तशी, हमी नाही. आणि तोंडी विक्रेत्याने काय म्हटलं होतं? "माझ्या मते मूळ आहेत." माझ्या मते! हे दोन शब्द वकिलाला पुरले. टेक्सासात छोट्या दाव्यांच्या कोर्टात २०,००० पर्यंत दावा करता येतो, पण विक्रेता शेजारच्या राज्यातला, निकाल मिळाला तरी वसुली तिथे जाऊन करायची. पावतीवर एक ओळ हवी होती: फ्रेमचे रंग कारखान्याचे मूळ आहेत, तसे नसल्याचं आढळल्यास पूर्ण पैसे परत. ही ओळ लिहायला जो कचरतो त्याच्याशी भावाची बोलणीच करू नका. मी मागितली नाही, कारण समोरच्याचा अपमान होईल असं वाटलं. आपली मराठी भीड, दुसरं काय.

ॲसिटोन न्या, पण त्यावर विसंबू नका. बॅटरी स्वतःची न्या, पांढऱ्या उजेडाची, आणि जमलं तर वस्तू हॉलच्या दारापर्यंत, दिवसाच्या उजेडात न्यायला सांगा. जुनी रिव्हॉल्वरं पुन्हा फिनिशसाठी खुद्द कारखान्यातही परत जात असत, तेव्हा 'काम कंपनीचंच आहे' असं कोणी म्हणालं तरी किंमत मूळ रंगाची देऊ नका.

वकिलाच्या एका पत्रानंतर विक्रेत्याची ईमेल आली. सदिच्छा म्हणून तो ६,००० ला वस्तू परत घ्यायला तयार आहे. म्हणजे पुढच्या प्रदर्शनात पुन्हा १४,२०० पासून सुरुवात. मी अजून उत्तर दिलेलं नाही. दिलंच तर पैसे आधी खात्यात जमा होऊन पक्के होतील, मग पार्सल. आणि पार्सलात टाकण्याआधी त्या खड्ड्याचे, सांध्याचे आणि नंबरचे फोटो इथेच लावणार आहे, म्हणजे पुढे ज्याच्यासमोर ते येईल त्याला नंबर जुळवून बघता येईल.