निवृत्तीनंतरचा दिवस कशाने भरावा : शेत, वर्ग, अर्धवेळ नोकरी की वाचनालय?

आमच्या पिढीतील पुष्कळ जणांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून अशी लिहिली, आणि त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी सोलापुरातील शाळा-कचेऱ्यांतून एकाच दिवशी कितीतरी माणसे नारळ, शाल आणि हार घेऊन घरी परततात. राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांत निवृत्तीचे वय ५८ आहे, केंद्राच्या नोकरीत ६०. आमच्या घराने दोन्ही पाहिले. माझे यजमान माध्यमिक शिक्षक म्हणून ५८व्या वर्षी निवृत्त झाले आणि मी टपाल खात्यातून ६०व्या वर्षी. त्यांनी मोहोळ तालुक्यातील वडिलोपार्जित चार एकरांत लक्ष घातले, मी सोलापूरच्या पूर्व भागातील विडी कामगार बायकांना लिहायला-वाचायला शिकवू लागले, आणि आमच्या बरोबरीच्या मंडळींनी आणखी निरनिराळे मार्ग धरले. ज्यांची निवृत्ती जवळ आली आहे आणि यांतले काय निवडावे हे ज्यांचे ठरत नाही, त्यांच्यासाठी हे मार्ग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत असे मला वाटले.

पैशाचा प्रश्न आधी मिटवावा, कारण तो मिटल्याशिवाय ही तुलना नीट करताच येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३पासून एका व्यक्तीस ३० लाख रुपयांपर्यंत ठेवता येतात; ८.२ टक्के दराने पूर्ण रकमेवर दर तिमाहीस ६१,५०० रुपये व्याज मिळते. जे ५५ ते ६० या वयात निवृत्त होतात, त्यांना निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत हे खाते उघडावे लागते. ही मुदत हुकली की साठ पूर्ण होईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते. गिरणी किंवा कारखान्यातून निवृत्त होऊन ईपीएस-९५ची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या योजनेची, पेन्शन घेणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. २०१४पासून तेथे किमान पेन्शन महिना १,००० रुपये ठरलेली असल्याने अनेकांना काम शोधावेच लागते, आणि त्यांच्यापुढे फावल्या वेळाची चर्चा करणे मला योग्य वाटत नाही. पुढचे लिखाण ज्यांचे घर पेन्शनवर किंवा व्याजावर चालू शकते त्यांच्यासाठी आहे.

नोकरी पगाराखेरीज आणखी एक गोष्ट देत असते : आपण आज गेलो नाही तर कोणाचे तरी काम अडेल, ही खात्री. पेन्शनमधून पगाराचा काही भाग परत मिळतो, ही खात्री मिळत नाही. म्हणून कोणताही मार्ग पाहताना तो आपल्याला आवडतो की नाही यापेक्षा, आपण चार दिवस गेलो नाही तर कोणी विचारायला येईल का, हा प्रश्न मी आधी विचारते. त्याला लागूनच दुसरा प्रश्न आपल्या गावाचा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेल्यावर जे काम टिकते, तेच वर्षभर टिकते.

शेत

नोकरीत असताना बहुतेकांच्या मनात शेत असते, आणि यजमानांच्याही होते. पण सोलापूर हा रब्बी ज्वारीचा जिल्हा आहे, आणि पाऊस सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. जिरायत रानात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरणी होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. मधल्या काळात कोळपणी, खुरपणी आणि मग पिकाची वाट पाहणे. मेमध्ये निवृत्त झालेला माणूस मोठ्या उमेदीने जूनमध्ये रानात जातो, तेव्हा तेथे त्याच्यासाठी तीन महिने फारसे काही नसते. विहिरीला पाणी असलेल्या बागायती शेताची गोष्ट याच्या अगदी उलट आहे; तेथे काम संपतच नाही, आणि रात्री वीज आली की रात्री उठून दारे धरावी लागतात.

येथेच निवृत्तीच्या पैशाला सर्वांत मोठा धोका असतो. डाळिंबाचे नाव आपल्या जिल्ह्याशी जोडलेले आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही केगावला आहे, आणि शेजारच्या बागेतून चांगला पैसा येताना दिसला की ग्रॅच्युइटीची रक्कम ठिबक आणि रोपांत घालावीशी वाटते. परंतु बहार धरणे, पाण्याचा ताण देणे, छाटणी आणि फवारणी ही रोज रानात उभे राहून शिकायची कामे आहेत, आणि एका पावसाळी आठवड्यात तेल्या रोग पसरला तर त्या बहाराची आशा जाते. ज्याने आजवर डाळिंब लावलेले नाही त्याने निवृत्तीच्या रकमेतून ते लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्याजावर चालणाऱ्या घराने मुद्दल पावसाच्या स्वाधीन करणे मला पटत नाही.

दुसरी अडचण माणसांची आहे आणि तिच्याविषयी कोणी आधी बोलत नाही. आमचे चार एकर यजमानांचे चुलतभाऊ तीस वर्षे वाट्याने करीत आले होते. निवृत्त होऊन हे रानात जाऊ लागले तेव्हा त्यांच्या मनात मदत करण्याचा हेतू होता. पण तीस वर्षे वर्ग सांभाळलेला माणूस बांधावर उभा राहिला की सूचना देऊ लागतो, आणि भावजींना वाटले की आपल्याकडून हिशोब मागितला जात आहे. पहिल्या हंगामात दोन्ही घरांत अबोला आला. तो दूर व्हायला पुढचा गुढीपाडवा उजाडावा लागला. शेताकडे परत जाणाऱ्याने पहिले वर्ष केवळ हाताखाली काम करावे आणि वाट्याचा व्यवहार होता तसाच ठेवावा, हे आम्ही त्यातून शिकलो.

तरीही शेताच्या बाजूने एक मोठी गोष्ट सांगितली पाहिजे. ज्वारीच्या कणसात दूध भरले की पाखरे उतरू लागतात, आणि सकाळी उजाडल्यापासून उन्हे वर येईपर्यंत व पुन्हा दुपार कलल्यावर कोणीतरी राखणीला बसावे लागते. तरुण माणसाला हे काम नको असते आणि मजूर लावणे परवडत नाही. यजमानांना ते जमले. थंडीतले तीन आठवडे ते गोफण घेऊन माळ्यावर बसले, दुपारी सावलीत वाचले, आणि त्या तीन आठवड्यांत भावजींना त्यांची खरी गरज होती. हुरड्याच्या दिवसांत सोलापूरची निम्मी मंडळी रानात एक दुपार घालवून परततात. राखणीला बसणाऱ्याला तेच रान रोज मिळते. गुडघे आणि रक्तदाब सांभाळून हे करता येते, त्याला भांडवल लागत नाही, आणि आपण नसलो तर पीक जाते. माझ्या पहिल्या प्रश्नाला शेतातले एवढेच काम पूर्णपणे उतरले.

वर्ग

विनावेतन शिकवणे हा माझा मार्ग, त्यामुळे त्याच्याविषयी मी अधिक बोलेन. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ ते २०२७ या काळात ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. त्यात शिकवणारे स्वयंसेवक असतात, त्यांना मानधन नसते, आणि शेवटी वाचन, लेखन व संख्याज्ञान मिळून १५० गुणांची चाचणी होते. शिक्षक असण्याची अट नाही. जवळच्या शाळेत चौकशी केली की नोंदणीची वाट कळते.

पूर्व भागातील पद्मशाली घरांतून बायका सकाळी तयार विड्या पोचवतात, नवी पाने आणि तंबाखू घेऊन येतात आणि दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसतात. त्यामुळे वर्ग त्यांच्या ओसरीवर, दुपारी तीन ते साडेचार, आणि हात न थांबवता घ्यावा लागतो. मी सुरुवातीला फळा लावून ‘क’ पासून आरंभ केला आणि दोन आठवड्यांत अकराजणींच्या चारजणी उरल्या. चूक माझी होती. ज्या बाईला हजार विड्यांचा हिशोब तोंडी येतो, तिला बालवाडीच्या पाटीपुढे बसवणे तिला कमीपणाचे वाटले. मग मी पासबुक घेतले. स्वतःचे नाव, खाते क्रमांक, जमा आणि नावे, पैसे काढण्याचा फॉर्म, एवढ्याच अक्षरांपासून सुरुवात केली, आणि गेलेल्या सातजणींतल्या पाचजणी परत आल्या. काउंटरच्या आत बसून मी ज्या अंगठ्यांखाली साक्षीदाराची सही घ्यायला लावत असे, त्यांतले काही अंगठे याच गल्ल्यांतले असतील, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

या मार्गाचा खर्च जवळपास शून्य आहे, आणि घर जवळ असेल तर उन्हाळ्यातही तो चालतो, कारण वर्ग छपराखाली भरतो. न गेल्यास संध्याकाळी फोन येतो : “अक्का, तब्येत बरी आहे ना?” पण त्याची उणीवही मोठी आहे. लग्नसराई, आजारपण आणि मालाची घाई यांमुळे वर्ग तुटत राहतो. सहा महिन्यांत फारच थोडे दिसते, आणि ज्यांना नोकरीत महिन्याअखेर आकडे पाहायची सवय लागलेली आहे त्यांना हे सोसत नाही. यजमान हयातभर शिकवत आले, तरी त्यांना आधी हा मार्ग नको होता. निवृत्तीनंतर पुन्हा खडू हातात धरण्याचा कंटाळा समजण्यासारखा आहे, आणि शिक्षकांनी हा मार्ग आपसूक आपलाच आहे असे मानू नये.

अर्धवेळ नोकरी

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांना, तसेच गणवेश शिवणाऱ्या व्यवसायांना हिशोब जाणणारी विश्वासू माणसे लागतात. माझ्या एका माजी सहकाऱ्याने असे काम धरले आहे. उठणे, आवरणे, डबा घेऊन निघणे ही घडी मोडत नाही, आणि पहिल्या वर्षी हा आधार मोठा असतो. न गेल्यास लगेच विचारणा होते, हेही खरे. मात्र जीएसटीची विवरणपत्रे भरण्याच्या ११ आणि २० तारखा जवळ आल्या की अर्धवेळ काम पूर्णवेळ होते, आणि वयाने मुलासारखा असलेला मालक जेव्हा चारचौघांत बोलतो तेव्हा ते पूर्वीपेक्षा अधिक लागते. आधी ठरलेले तास आणि ठरलेली मुदत असेल तर हा मार्ग एक-दोन वर्षांचा पूल म्हणून उत्तम आहे. त्याहून लांबवला तर निवृत्तीचा प्रश्न तसाच राहतो आणि वय मात्र वाढलेले असते.

वाचनालय, फिरणे आणि पुण्याची मुले

हिराचंद नेमचंद वाचनालय, हुतात्मा स्मृती मंदिरातील नाटके, सकाळी संभाजी तलावाकाठचे फिरणे, सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेल्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा, नान्नजच्या माळरानावरील पक्षी : या शहरात मन रमवण्यासारखे पुष्कळ आहे. एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, पुरुषांना ६५ नंतर, आणि पंचाहत्तरीनंतर दोघांनाही प्रवास मोफत. तरीही केवळ याच्यावर दिवस उभा करू नये, कारण आपण गेलो नाही तर येथे कोणाचेच काही अडत नाही. अपवाद एवढाच की चारजणांनी मिळून एक प्रदक्षिणा किंवा एक पुस्तक पुरे करायचे ठरवले, तर ते चारजण एकमेकांना विचारतात. मेच्या दुपारी मात्र वाचनालयाच्या टेबलाला तोड नाही.

पुण्याला मुलांकडे कायमचे जाणे हा मार्ग मी या तुलनेत कमी धरते. नातवंडे लहान असताना तेथे खरी गरज असते, पण ती शाळेत जाऊ लागली की सोसायटीतल्या पाचव्या मजल्यावर ओळखीचे कोणी नसते. हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन-येऊन राहणे आम्हाला बरे पडले.

बाईची निवृत्ती

हे मी वेगळे लिहिते आहे, कारण वरची तुलना दोघांना सारखी लागू होत नाही. यजमान निवृत्त झाले तेव्हा त्यांच्यापुढे रिकामा दिवस होता. मी निवृत्त झाले तेव्हा माझा दिवस आठवडाभरात भरून गेला : काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी, नणंदेचे पथ्य, शेजारच्या लग्नाचे रुखवत, आणि “आता घरीच असता ना?” हा प्रश्न. नोकरीत असताना जी कामे चौघांत वाटलेली होती ती एकीकडे परत आली. त्यामुळे बाईने मार्ग निवडताना, त्यासाठी ठरावीक वेळी घराबाहेर पडावे लागते का, हे अवश्य पाहावे. घरबसल्या करण्याचा छंद कितीही आवडता असला तरी दाराची बेल वाजली की तो बाजूला ठेवावा लागतो. दुपारी तीनचा वर्ग मात्र घरातल्या सर्वांनी मान्य केला, कारण तेथे बायका खोळंबतात हे त्यांना दिसले. पाण्याचा दिवस आता यजमान सांभाळतात.

येत्या ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्याने जून ते ऑगस्ट हे महिने कशालाही कायमचा होकार न देता घालवावेत. शेतात काही करायचे असेल तर सप्टेंबरच्या पेरणीआधी भाऊबंदांशी एका हंगामापुरते बोलावे. शिकवायचे असेल तर वर्ग दिवाळीपूर्वी सुरू करावा, म्हणजे चाचणीपर्यंत पुरेसे महिने हाती राहतात. आम्ही यंदा राखणीचे तीन आठवडे आमच्याकडे ठेवून बाकीचे रान भावजींच्या हाती पूर्ववत दिले आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी यजमान माझ्या वर्गात संख्याज्ञान घेतात. तशी मागणी बायकांनीच केली. सकाळच्या वेळेचे काय करावे, हे त्यांचे अजून ठरलेले नाही.