लिनियाला टी-जेटचा मागचा ॲक्सल: साताऱ्यात करून घेतलेलं काम

माझं माहेर चिपळूण आणि सासर सातारा, त्यामुळे कुंभार्ली घाटाची वळणं मला पाठ आहेत. उंब्रजला हायवे सोडायचा, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, हेळवाक, आणि मग थेट पोफळीपर्यंत उतार. महिन्यातून एक फेरी ठरलेली. गाडी 2009 ची फियाट लिनिया, 1.3 मल्टिजेट डिझेल, रांजणगावच्या कारखान्यातली. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आहे. पुढे डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला पॅडने धरणारे; मागे मात्र ड्रम होते, म्हणजे फिरत्या डब्याला आतून लायनर घासून थांबवणारे. त्या ड्रमच्या जागी लिनियाच्याच टी-जेट मॉडेलचा डिस्कवाला ॲक्सल बसवून घेतला, त्याची ही हकीकत.

गेल्या जुलैत पाच माणसं आणि डिकीत ज्वारीचं पोतं घेऊन घाट उतरत होते. पुढे ट्रेलर, पाऊस, धुकं. दुसऱ्या गिअरमध्ये होते, तरी ब्रेकवर सारखा पाय ठेवावा लागत होता. अर्ध्या घाटात पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं आणि जळका वास आला. जागा मिळताच गाडी कडेला घेतली आणि अर्धा तास थांबलो. मागच्या सीटवर सासूबाई काही न बोलता मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. तो अर्धा तास मी विसरणार नाही.

साताऱ्यात जुन्या एमआयडीसीतल्या गॅरेजला गाडी दाखवली. (नाव, नंबर इथे देत नाही, एक लिफ्ट, मिस्त्री आणि त्यांचे दोन हाताखालचे, एवढंच ते गॅरेज.) मिस्त्रींनी ड्रम उघडून मलाच जवळ बोलावलं. उजव्या बाजूचा व्हील सिलिंडर (लायनर ड्रमवर दाबणारा भाग) गळत होता, लायनर ऑइलने भिजले होते, डावीकडचा ॲडजस्टर (लायनर झिजले की ते ड्रमजवळ आणणारा भाग) गंजून जाम झाला होता, आणि ब्रेक ऑइल चहासारखं काळपट. ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ओलावा धरलेलं ऑइल कमी तापमानाला उकळतं आणि पेडल खोल जातं, हे त्यांनी तिथेच समजावलं. ड्रमचंही सांगितलं: तापला की तो फुगतो, लायनरपासून लांब जातो, म्हणून पाय आणखी दाबावा लागतो.

पहिली चांगली गोष्ट इथेच घडली. मी म्हटलं, मागे डिस्कच बसवून टाकू. त्यावर ते म्हणाले, "ताई, हे ड्रम नीट केलं, ऑइल बदललं, तरी गाडी झकास थांबंल. पाच हजारात काम हुतंय. डिस्कचा खर्च त्याच्या आठ पट. आधी इचार करा." गिऱ्हाईक स्वतःहून मोठं काम द्यायला आलेलं असताना असं सांगणारा माणूस मला या शहरात दुसरा भेटलेला नाही. त्यांचं ऐकून आधी ड्रमचंच काम केलं आणि चार महिने गाडी तशीच चालवली. ब्रेक चांगले झाले. पण पावसाळ्यात कोयनेकडचं चिखलपाणी ड्रममध्ये जाऊन करकर सुरू व्हायची, आणि लांब उतारावर शेवटी शेवटी पेडल थोडं का होईना, बदलायचंच. माझ्या मनातून ते जात नव्हतं.

लिनियाचं पेट्रोल टर्बो मॉडेल, टी-जेट, 2010 साली आलं. त्याला चारही चाकांना डिस्क होत्या. बॉडी तीच, मागची दोन्ही चाकं जोडणारा टॉर्शन बीमचा ॲक्सल त्याच जागी बसतो. म्हणजे कापाकापी नाही, वेल्डिंग नाही. या गाड्या फार विकल्या गेल्या नाहीत, त्यामुळे ॲक्सल मिळायला अडीच महिने गेले. पुण्यातल्या एका जुन्या पार्टवाल्याने फोटो पाठवला, पैसे घेतले आणि माल आला तो डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचे ब्रॅकेट नसलेला आणि हँडब्रेकच्या केबल कापलेला. चार दिवस फोनवर वाद घालून तो परत केला. दुसरा ॲक्सल मुंबईत कुर्ल्याला मिळाला. तेव्हा मी शहाणी झाले होते: हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), डिस्क, कॅलिपर, ब्रॅकेट, चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, सगळं जोडलेल्या अवस्थेतला व्हिडिओ मागितला, आणि ज्या गाडीतून काढला तिच्या मागच्या टायरांचे फोटोही. लिनियाच्या मागच्या चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, ॲडजस्ट करता येत नाही. बीम वाकला असेल तर टायर एका कडेने खाल्लेला दिसतो, आणि वाकलेला बीम फुकट मिळाला तरी उपयोगाचा नाही. ॲक्सल 18,500 रुपये, ट्रान्सपोर्ट 1,400.

गाडीत असा फेरफार करण्याआधी आरटीओत जाऊन विचारलं आणि विमा कंपनीला लेखी कळवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या फेरफारांबद्दलच आहे, तेव्हा हे टाळू नका.

काम दोन दिवसांत होईल असं मला वाटत होतं, पाच लागले. मी कॉलेज सुटलं की रोज तिथे जाऊन बसायचे. जुन्या मालातलं काय ठेवायचं आणि काय नाही, यावर मिस्त्रींचं मत पक्कं होतं. बीम आणि हब ठेवायचे. डिस्क, पॅड, रबरी होज, हँडब्रेकच्या केबल नव्याच. कॅलिपर उघडून त्यांना सील किट टाकायचं. मी जुन्या डिस्कबद्दल विचारलं, तर त्यांनी काठावर कोरलेली किमान जाडी दाखवली आणि मापून ती त्याखाली गेलेली आहे हेही दाखवलं. या कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, कारण हँडब्रेकची यंत्रणा त्यातच असते. तो फिरवत फिरवत आत घालावा लागतो. त्यासाठीचं वेगळं टूल त्यांच्याकडे होतं. शिकाऊ पोराने नुसता दाबायचा सी-क्लॅम्प उचलला तेव्हा मिस्त्रींनी त्याचा हात धरला आणि आधी त्याला समजावून सांगितलं, मग काम पुढे गेलं.

सगळ्यात जास्त कौतुक मला बुशचं वाटलं. बीम जिथे बॉडीला धरतो तिथले रबरी बुश 2,400 रुपयांचे नवे टाकले. पण त्यांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना शेवटपर्यंत आवळले नाहीत. गाडी चाकांवर उतरवली, वजन बसू दिलं, आणि मग खाली सरपटून टॉर्क पान्याने आवळले. लटकत्या गाडीत आवळले तर बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. ही गोष्ट गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून झाल्यावर एबीएसचा दिवा लागला. स्कॅनरवर तीन चाकांचा वेग येत होता, मागच्या डाव्या चाकाचा शून्य. सेन्सरची वायर क्लिपखाली चेपली गेली होती. चूक त्यांची होती, त्यांनी ती कबूल केली आणि सेन्सर स्वतःच्या खर्चाने बदलला. दिवा गेल्यावरही त्यांनी मला शेजारी बसवून, स्कॅनर हातात देऊन चक्कर मारली: चारही आकडे एकसारखे हवेत. का, तर मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा हे या गाडीत ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी, एबीएसबरोबरची यंत्रणा) ठरवतं, आणि ते चाकांच्या वेगावरूनच ठरवतं. मागे जोर जास्त झाला आणि मागची चाकं आधी अडकली तर गाडी गर्रकन फिरते. ज्यांच्या जुन्या गाडीला एबीएस नाही त्यांनी म्हणूनच हे काम कुणाच्याही भरवशावर करू नये. तिथे मागचा जोर कमी ठेवणारा व्हॉल्व्ह असतो आणि तो ड्रमच्या हिशोबाने बसवलेला असतो.

मजुरी 7,000. सगळं धरून 41,000 रुपये झाले. एवढ्या जुन्या गाडीवर ही रक्कम लहान नाही, आणि नवरा अजूनही मधूनच तो आकडा काढतो.

आता फरक काय पडला ते. पहिले 300 किलोमीटर मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे चालवली: साठवरून वीसपर्यंत हलके ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मधे गार होऊ द्यायचं. मग यवतेश्वर घाटातून कासला जाऊन आले, आणि मग सामान भरून कुंभार्ली. पोफळीला उतरेपर्यंत पेडल पहिल्या वळणावर होतं तिथेच होतं. पाण्यातून गेल्यावर एक-दोन दाबांत डिस्क कोरडी होते. मला हवं होतं ते हेच.

पण अचानक ब्रेक मारला तर गाडी आधीपेक्षा कमी अंतरात थांबते, असं मला दिसलं नाही. ब्रेक लागताच वजन पुढे झुकतं, मुख्य काम पुढच्या डिस्कच करतात, आणि शेवटी पकड टायरची असते. तेवढ्यासाठी 41,000 घालणार असाल तर आधी चांगले टायर घ्या.

हँडब्रेक मात्र ड्रमचाच सरस होता. आमचं घर शाहूनगरात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या चढावर. पूर्वी तीन खटक्यांत गाडी खिळल्यासारखी उभी राहायची, आता पाच लागतात. घाटातून तापून आलेली डिस्क गार होताना आकसते आणि पकड किंचित सैल होते, म्हणून मी आता गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकूनच उतरते आणि चाकामागे दगड ठेवते. पावसाळ्यात रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या ब्रेकला खरखर येते. तो डिस्कवरचा वरवरचा गंज, दोन गल्ल्या पार होईपर्यंत जातो.

गॅरेजबद्दल एकच तक्रार: वेळ. सांगितलेल्या दिवशी गाडी मिळेल असं धरून कुठलाही बेत आखू नका. तिसऱ्या दिवशी मी जरा आवाज चढवला, तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाले, "घाई असंल तर दुसरीकडं न्या ताई. ब्रेकच्या कामात मी घाई करत न्हाई." मी गाडी तिथेच ठेवली.

मागच्या आठवड्यात 9,000 किलोमीटर झाले म्हणून चाकं काढून पॅड बघितले. दोन्ही बाजू सारख्या झिजल्यात, बुश शाबूत, टायरही कुठल्या कडेने खाल्लेले नाहीत. जुना ड्रमचा ॲक्सल अजून त्यांच्या शेडमागे ताडपत्रीखाली ठेवलाय. तो भंगारात घालायला मिस्त्री तयार नाहीत. साताऱ्यात अजून लिनिया आहेत, कुणाला तरी लागेल, म्हणतात.