भिंतीतली ओल शोधायची आहे: थर्मल कॅमेरा घ्यावा की मॉइश्चर मीटर?

डाग डोळ्यांना दिसतोय आणि ओल कुठवर पसरली एवढंच पाहायचं असेल, तर कॅमेऱ्यावर खर्च करू नका, मीटर पुरतो. कुबट वास येतोय, पोपडे सुटताहेत, पण पाणी कुठून शिरतंय ते कळत नाही, तिथे मात्र कॅमेराच कामाला येतो. मोठी भिंत तो काही सेकंदांत पाहतो. मीटरने तेच काम वीतभर-वीतभर सरकत करावं लागतं.

कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, भिंतीच्या आतलं तर मुळीच नाही. त्याला कळतं फक्त पृष्ठभागाचं तापमान. ओल्या गिलाव्यातून पाण्याची वाफ होते, तो भाग एक-दोन अंशांनी गार पडतो आणि पडद्यावर वेड्यावाकड्या कडांचा गडद पट्टा उमटतो. वाफ होणं थांबलं की पट्टाही नाहीसा. त्यामुळे टाइलमागे भरपूर पाणी मुरलं असूनही चित्र अगदी साफ येऊ शकतं. उलट एसीचा झोत लागलेली कोरडी भिंतही ओलीसारखी दिसते. गुळगुळीत टाइलवर तर स्वतःच्या अंगाच्या उष्णतेचं प्रतिबिंब पडतं. दोन पावलं बाजूला सरका, ठिपका सोबत सरकला तर तो भिंतीतला नव्हे.

कॅमेरा निवडताना पिक्सेल पाहा. १६० × १२० पिक्सेल आणि ५० अंशांची लेन्स असेल, तर ३ मीटरवरून एक पिक्सेल साधारण पावणेदोन सेंटिमीटर जागा व्यापतो. तापमान भरवशाने वाचायला निदान ३ × ३ पिक्सेल लागतात, म्हणजे पाच सेंटिमीटरपेक्षा लहान जागेचा आकडा धरू नये. ८० × ६० मध्ये हेच दहा सेंटिमीटरवर जातं. आणि रंगपट्टी, म्हणजे कोणत्या तापमानाला कोणता रंग ते ठरवणारी पट्टी, ‘ऑटो’वर सोडू नका. अर्ध्या अंशाचा फरकही ती भडक करून दाखवते. ४-५ अंशांचा पल्ला ठरवून लॉक करा. गरम पाण्याच्या पाइपची गळती शोधताना १०-१५ मिनिटं पाणी सोडून मग पाहा.

पिनांचा मीटर दोन सुयांमधला विद्युतरोध मोजतो. त्याचे टक्के सहसा लाकडासाठी जुळवलेले असतात. लाकडात आकडा २० च्या वर गेला की कुजण्याची काळजी करायची. गिलाव्यावर तो टक्के म्हणून वाचू नका, खात्रीने सुक्या असलेल्या जागेशी ताडून पाहा. भिंतीवर पांढरे क्षार फुटले असतील तर सुकी जागाही ओली दाखवली जाते, कारण ओलाव्याचा अंश मिळाला तरी क्षार वीज वाहून नेतात. बिनपिनांच्या मीटरने छिद्रं पडत नाहीत, मात्र खाली सळई किंवा पाइप आला की आकडा फुगतो.

दोन्ही हाताशी असतील तर आधी कॅमेरा फिरवा, संशयित भागाला पेन्सिलने कड आखा आणि आत-बाहेर मीटर लावा. दुरुस्तीनंतर त्याच खुणांवर दर आठवड्याला आकडा घ्या. तो सुक्या जागेइतका उतरेपर्यंत रंग देऊ नका, नाहीतर ओल रंगाखाली कोंडते आणि पोपडे पुन्हा सुटतात.