साध्या सायकलला मोटर: गिअरवाली की बिनगिअरची?

चाकाच्या हबमध्ये, म्हणजे अगदी मधल्या भागात, बसणारी मोटर दोन प्रकारची. गिअरवालीचं वजन साधारण अडीच-तीन किलो. बिनगिअरची सहज दुप्पट. साध्या सायकलीला हा फरक जाणवतो, विशेषतः ती उचलून जिन्यावरून न्यायची असेल तेव्हा!

गिअरवालीत आतली छोटी मोटर वेगाने फिरते आणि गिअर तो वेग साधारण पाचपटीने कमी करून जोर वाढवतात. म्हणून सिग्नलवरून निघताना किंवा चढावर तिची खरी मदत होते. शिवाय आत फ्रीव्हील असतं, म्हणजे मोटर बंद असताना चाक तिच्यापासून सुटं फिरतं. बॅटरी संपली तरी पेडल जड होत नाही, आणि माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो. बिनगिअरच्या मोटरमधले चुंबक मोटर बंद असतानाही चाकाला ओढून धरतात.

बिनगिअरची मात्र जवळपास आवाज करत नाही, झिजायला तिच्यात फारसं काही नसतं, उतारावर थोडी बॅटरीही भरते. गिअरवालीचे नायलॉनचे दाते कधीतरी बदलावे लागतात.

रोज दहा-बारा किलोमीटर आणि मध्ये चढ असेल, तर २५० वॉटची गिअरवाली घ्या. पुढच्या चाकात बसवणार असाल तर ते चाक धरणारा चिमटा (फोर्क) स्टीलचाच हवा.